रवांडातील छोट्या कॉफी उत्पादकांची मूल्यसाखळी: खरी गळती कुठे आहे?

तोलकाटा (धागाकर्ता)

रवांडातल्या कॉफीविषयी चर्चा निघाली की दोन उपाय हमखास सुचवले जातात: शेतकऱ्याला दर्जाचे प्रशिक्षण द्या आणि मधल्या व्यापाऱ्याला बाजूला करा. किवू सरोवराच्या पूर्वेकडील टेकड्यांमधल्या एका वॉशिंग स्टेशनवर, म्हणजे शेतकऱ्यांकडून चेरी (कॉफीचे ताजे फळ) घेऊन ती सोलून, आंबवून, धुऊन वाळवणाऱ्या केंद्रावर, मी दोन हंगाम हिशेबाचे काम केले आहे आणि त्यानंतर हे दोन्ही उपाय मला अपुरे वाटतात. माझ्या मते या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा शेतात नाही आणि परदेशातल्या खरेदीदाराकडेही नाही. तो तोडणीच्या दिवशी संध्याकाळी स्टेशनच्या काट्याजवळ आहे, जिथे पेटीत रोकड असते किंवा नसते; आणि त्यानंतर काही महिन्यांनी, माल विकल्यावर शेतकऱ्याला द्यायच्या उरलेल्या रकमेच्या, म्हणजे दुसऱ्या हप्त्याच्या, हिशेबात आहे, जो शेतकऱ्याला क्वचितच दाखवला जातो.

थोडी पार्श्वभूमी देतो. रवांडात कॉफी जर्मन मिशनऱ्यांनी १९०४ च्या सुमारास आणली आणि पुढे बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात तिची लागवड सक्तीची केली. त्यानंतर अनेक दशके शेतकरी घरीच हाताने चेरी सोलून, जमेल तशी वाळवून विकत असे आणि तो माल ‘साधी कॉफी’ म्हणून स्वस्तात जाई. १९९४ च्या वंशसंहारानंतर देश उभा राहू लागला तेव्हा संपूर्ण देशात वॉशिंग स्टेशने बोटांवर मोजण्याइतकीच होती. अमेरिकी मदतीतून चाललेल्या ‘पर्ल’ प्रकल्पाने दक्षिणेकडील माराबा येथील सहकारी संस्थेला हाताशी धरले, २००१ मध्ये तिथे स्टेशन सुरू झाले आणि उत्तम दर्जाच्या कॉफीला परदेशात वेगळा भाव मिळू शकतो हे प्रथमच सिद्ध झाले. २००८ मध्ये ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही स्पर्धा आफ्रिकेत सर्वप्रथम रवांडात भरली. आज स्टेशनांची संख्या तीनशेच्या आसपास आहे. म्हणजे यंत्रे आहेत, बूर्बोन जातीची झाडे आहेत, दीड ते दोन हजार मीटरची उंची आहे आणि नावही आहे. तरीही चेरी विकणाऱ्या घरात पैसा टिकत नाही.

आता काट्याजवळचा एक प्रसंग सांगतो. एप्रिलच्या अखेरीस, ऐन हंगामात, एक बाई डोक्यावर टोपली घेऊन दीड तास चालत आली होती. चेरी निळ्या पिंपातल्या पाण्यात टाकली, तरंगलेली पोकळ फळे चाळणीने बाजूला काढली, उरलेली सतरा किलो भरली. तोवर पेटीतली रोकड संपली होती. चिठ्ठी लिहून दिली आणि शुक्रवारी पैसे मिळतील असे सांगितले. तिने चिठ्ठी हातात धरून दोन वेळा तारीख विचारली, घडी घालून लुगड्याच्या गाठीत बांधली आणि ती गेली. शुक्रवारी पैसे आले नाहीत, पुढच्या मंगळवारी आले. त्यानंतर ती हंगामात पुन्हा आमच्या काट्यावर आली नाही. तिने पुढची चेरी घरीच सोलली आणि रोख देणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्याला कमी भावात विकली, असे शेजारणीकडून कळले. तिला दर्जाचे महत्त्व समजत नव्हते असे कोण म्हणेल? लाल फळ कोणते आणि अर्धकच्चे कोणते, हे तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगले कळत होते.

चेरी तोडल्यावर तिचे सालपट त्याच दिवशी, शक्यतो आठ-दहा तासांत निघाले नाही तर ती आतल्या आत आंबू लागते आणि चवीत कायमचा दोष येतो. त्यामुळे शेतकऱ्याला माल धरून ठेवण्याची सोय नाही. ज्याच्याकडे त्या संध्याकाळी रोकड आहे त्याच्याकडे माल जातो. दर्जा, प्रमाणपत्र, परदेशी गिऱ्हाईक हे सगळे त्यानंतरचे विषय आहेत.

दुसरा मुद्दा उताऱ्याचा. साधारण १०० किलो चेरीतून २० किलो पार्चमेंट, म्हणजे टरफलासह वाळलेले बी, मिळते आणि टरफल काढल्यावर सुमारे १६ किलो हिरवे बी उरते. म्हणजे एका किलो हिरव्या बियांसाठी सव्वासहा किलो चेरी लागते. स्टेशनने हिशेबात सव्वासहाऐवजी सात किलो धरले, तर शेतकऱ्याच्या वाट्यातून सुमारे अकरा टक्के रक्कम कोणालाही न दिसता नाहीशी होते. हे नेहमी लबाडीनेच होते असे मी म्हणत नाही. पावसात भिजलेली चेरी जड भरते, सोलताना बी फुटते, वाळवणीच्या खाटांवर नासते. पण आकडा उघड नसेल तर नासाडी आणि लबाडी यांत फरक कसा करायचा? मी ज्या संस्थेत होतो तिथे दुसऱ्या हप्त्याच्या सभेत एकच आकडा वाचून दाखवला गेला, किलोमागे अमुक फ्रँक, आणि तो कसा निघाला हे विचारणाऱ्या वृद्ध सभासदाला ‘किगालीहून हिशेब यायचा आहे’ असे उत्तर मिळाले. तो हिशेब माझ्याच टेबलावर होता. मी तेव्हा उठून बोललो नाही, याची खंत मला आजही आहे.

हुंडीवाट

मी शेतमालाच्या निर्यातीला कर्ज देणाऱ्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून रोकडीच्या मुद्द्याची दुसरी बाजू मांडतो. तुम्ही सांगितलेला उतारा धरून एक मध्यम स्टेशन घेऊ, जे हंगामात ३०० टन चेरी घेते. त्यातून ४८ टन हिरवे बी, म्हणजे ६० किलोची ८०० पोती, म्हणजे जेमतेम अडीच कंटेनर माल तयार होतो. मार्च ते जून या काळात त्या सगळ्या चेरीचे पैसे रोख मोजावे लागतात. माल मात्र वाळून, किगालीत टरफल काढून, प्रतवारी होऊन, सुमारे दीड हजार किलोमीटर ट्रकने मोंबासा किंवा दार-एस-सलामच्या बंदरात पोचतो तोवर पावसाळा सरून कोरडा काळ संपत आलेला असतो. खरेदीदाराचे पैसे कागदपत्रे पोचल्यावर येतात. मधले पाच-सहा महिने हा पैसा कोणाचा, हाच प्रश्न आहे.

स्थानिक बँका जमीन किंवा इमारत तारण मागतात आणि ती सहकारी संस्थेकडे पुरेशी नसते. रूट कॅपिटल आणि ऑइकोक्रेडिट यांसारख्या संस्था यासाठीच पुढे आल्या. त्या परदेशी खरेदीदाराशी झालेला करार तारण मानून हंगामी कर्ज देतात आणि खरेदीदार रक्कम थेट कर्जदात्याकडे भरतो. ही पद्धत चांगली आहे, पण करार नसलेल्या नव्या संस्थेपर्यंत ती पोचत नाही. आणि पैसे एकदम न देता टप्प्याटप्प्याने दिले जात असल्याने एक कागद अडला तरी ऐन तोडणीच्या आठवड्यात पेटी रिकामी राहते. तुमच्या त्या शुक्रवारी बहुधा असेच काहीतरी झाले असावे.

पण खरा धोका भावाचा आहे. अरेबिका या कॉफीच्या जातीचा जागतिक भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात पौंडाला सेंटमध्ये ठरतो. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराखाली निर्यातीचे कोटे होते तोवर त्याला काही प्रमाणात बांध होता. जुलै १९८९ मध्ये ते कोटे स्थगित झाले आणि भाव कोसळले. २००१ मध्ये तो पौंडाला ५० सेंटच्याही खाली होता, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये ४ डॉलरच्या वर गेला. स्टेशन एप्रिलमध्ये एका भावाने चेरी घेते आणि सप्टेंबरमध्ये भलत्याच भावाने माल विकते. मधल्या काळात बाजार पाव हिश्श्याने पडला तर संस्थेचे सगळे भांडवल एका हंगामात बुडते. म्हणून माझा आग्रह असा असतो की चेरी खरेदी जसजशी होत जाईल तसतसा तेवढ्या मालाचा विक्रीभाव करारात निश्चित करावा, अधिक भावाच्या आशेने मोकळा ठेवू नये. संस्थांच्या अध्यक्षांना हे पटवणे सर्वांत कठीण जाते, कारण नंतर भाव वाढला तर सभासद त्यांनाच जाब विचारतात.

सावली_आणि_आच्छादन

तोलकाटा, तुमचे लेखन मनापासून पटले, तरी शेताला तुम्ही फार लवकर बाजूला सारले असे मला वाटते. मी कृषिविस्तारात काम करते आणि पूर्व आफ्रिकेतल्या कॉफीबागा पाहिल्या आहेत. चारशे झाडे असलेले घर घ्या, अशी घरे तिथे पुष्कळ आहेत. हेक्टरी अडीच हजार झाडांच्या हिशेबाने ही जमीन सोळा गुंठे भरते. झाडामागे दोन किलो चेरी धरली तर हंगामात ८०० किलो, म्हणजे १२८ किलो हिरवे बी. तुम्ही काटा कितीही चोख केला आणि हिशेब कितीही उघडा ठेवला, तरी १२८ किलोंवर कुटुंबाचे वर्ष निघणार नाही. बरीच झाडे तीस वर्षांहून जुनी आहेत. ती जमिनीपासून फूटभर ठेवून कापली, फुटवे निवडून वाढवले, तर उत्पादन लक्षणीय वाढते. पण कापलेल्या झाडाला पुन्हा फळ धरायला दोन वर्षे लागतात आणि नवे रोप लावले तर तीन-चार. तेवढा काळ उत्पन्न सोडायला सोळा गुंठेवाला कसा तयार होईल? म्हणून दर वर्षी बागेचा पाचवा-सहावा हिस्साच कापावा आणि त्या हिश्श्यात मोकळ्या झालेल्या जमिनीवर घेवडा घ्यावा, हा सल्ला मला व्यवहार्य वाटतो. सगळी बाग एकदम कापा असे सांगणारे पत्रक मी वाचले आहे. त्यावर शेतकऱ्यांनी काही केले नाही, हे योग्यच झाले.

आणखी एक गोष्ट रवांडा आणि बुरुंडीच्या कॉफीला विशेष छळते, ती म्हणजे बटाट्याचा दोष. एखाद्याच सदोष बीमुळे अख्ख्या कपाला सोललेल्या कच्च्या बटाट्याचा वास येतो. अँटेस्टिया नावाचा ढेकणाच्या जातीचा कीटक फळाला टोचतो, त्याच्याशी हा दोष जोडलेला आहे. बी वरून पाहून तो नेमका ओळखता येत नाही, त्यामुळे खरेदीदार पूर्ण कंटेनरविषयी साशंक राहतो आणि भाव पाडतो. दाट, न छाटलेल्या झाडावर हा कीटक जास्त राहतो. छाटणी, वेळेवर फवारणी, पाण्यात तरंगणारी फळे काढणे आणि वाळवणीच्या खाटांवर ओले पार्चमेंट हाताने निवडणे, या सगळ्यांचा एकत्रित उपयोग होतो. खाटांवर निवडणीला बसणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात, त्यांची मजुरी रोजंदारीवर असते आणि दोष कमी झाल्याने वाढलेल्या भावातला काहीही हिस्सा त्यांच्यापर्यंत जात नाही. मूल्यसाखळी बळकट करायची तर या खाटेवरच्या कामाचाही हिशेब मांडला पाहिजे.

तोलकाटा (धागाकर्ता)

सावली, तुमची दुरुस्ती मान्य आहे. झाड जुने असेल तर काटा त्याचे वय कमी करू शकत नाही. मात्र या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत असे मला दिसते. छाटणी, आच्छादनाचे गवत, खत या सगळ्याला हंगाम संपल्यावरच्या महिन्यांत पैसा लागतो आणि दुसरा हप्ता नेमका तेव्हाच यायला हवा असतो. तो वेळेवर आला तर बागेत जातो. उशिरा आला तर तोपर्यंत काढलेल्या उसनवारीत जातो. त्या वर्षी ज्या घरांनी बाग कापायला घेतली होती, त्यांपैकी अनेकांनी हप्ता लांबल्यावर काम अर्ध्यावर सोडले, हे मी पाहिले आहे.

नवा_वाचक

माझा प्रश्न कदाचित प्राथमिक असेल. कॉफी तिथेच भाजून, पाकिटात भरून निर्यात का करत नाहीत? खरा नफा तर भाजणीनंतरच्या टप्प्यांत आहे असे सर्वत्र वाचायला मिळते. युरोपात भाजलेल्या कॉफीवर आयातशुल्क असते हेच कारण आहे का?

हुंडीवाट

शुल्काचे कारण रवांडाला लागू होत नाही. युरोपीय संघात कच्च्या कॉफीवर शुल्क नाही आणि भाजलेल्या कॉफीवर आहे हे खरे, पण अल्पविकसित देशांना २००१ पासूनच्या सवलतीखाली तेही माफ आहे. अडचणी वेगळ्या आहेत. हिरवे बी योग्य ओलाव्याला, म्हणजे अकरा-बारा टक्क्यांवर, नीट ठेवले तर अनेक महिने टिकते. भाजलेली कॉफी काही आठवड्यांत आपला सुवास गमावू लागते आणि रस्त्याने बंदरापर्यंतचा व समुद्रमार्गाने पुढचा प्रवास तेवढाच वेळ खातो. शिवाय बहुतेक मोठे भाजणारे अनेक देशांचे बी एकत्र करून ठरावीक चव राखतात, त्यांना एका देशाची तयार पाकिटे नको असतात. देशांतर्गत आणि शेजारच्या बाजारासाठी भाजणी जरूर करावी, किगालीत ती होतही आहे. परंतु जिची चेरीखरेदीची रोकड अजून पुरी होत नाही अशा संस्थेने भाजणीयंत्रात भांडवल अडकवावे, हे मला धोक्याचे वाटते.

टेकडी_नकाशा

व्यापाऱ्यांविषयी थोडे लिहावेसे वाटते. रवांडात २०१६ मध्ये क्षेत्रबंदीचे धोरण आले, म्हणजे शेतकऱ्याने आपल्या भागासाठी नेमलेल्या स्टेशनलाच चेरी द्यायची. हेतू चांगला होता. स्टेशनने शेतकऱ्यांत गुंतवणूक करावी, खत आणि मार्गदर्शन द्यावे आणि माल कोणत्या टेकडीवरचा आहे हे सांगता यावे, असे अपेक्षित होते. परंतु गिऱ्हाईक एकच उरले की भाव किमान पातळीला चिकटतो. राष्ट्रीय कृषी निर्यात विकास मंडळ दर हंगामात चेरीचा किमान भाव जाहीर करते. क्षेत्रबंदीखाली अनेक ठिकाणी हा किमान भावच कमाल भाव होऊन बसला. २०२३ मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले. त्यामुळे सगळ्याच मधल्या व्यापाऱ्यांना एका मापाने तोलू नये असे मला वाटते. दूरच्या टेकडीवर सायकल घेऊन जाणारा, रोख देणारा माणूस हा शेतकऱ्याच्या दृष्टीने एक पर्याय असतो आणि पर्याय असल्यामुळेच स्टेशनला भाव वाढवावा लागतो.

कोलंबियाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. १९२७ मध्ये स्थापन झालेला तिथला उत्पादकांचा राष्ट्रीय महासंघ दररोज भाव जाहीर करतो आणि ठरलेल्या दर्जाचा माल कोणीही आणला तरी त्या भावाने रोख घेण्याची हमी देतो. शेतकरी त्यालाच विकतो असे नाही. पण हमी असल्यामुळे खासगी व्यापाऱ्याला त्या भावाच्या फार खाली जाता येत नाही. अर्थात त्यामागे निर्यातीवरच्या वर्गणीतून अनेक दशके उभा राहिलेला निधी आहे आणि तो एखाद्या प्रकल्पाच्या तीन वर्षांत उभा राहत नाही.

युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमाचाही विचार आताच करावा लागेल. त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडली असली तरी मूळ अट कायम आहे: ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल चालणार नाही आणि प्रत्येक शेताचे भौगोलिक स्थान द्यावे लागेल. चार हेक्टरपर्यंतच्या शेताला सीमारेषा आखावी लागत नाही, एक बिंदू पुरतो. त्यामुळे रवांडाच्या शेतकऱ्याला हे काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण एका कंटेनरमागे कित्येक शेकडो घरे असतात आणि ते बिंदू गोळा करण्याचा खर्च कोण उचलणार आणि ती माहिती कोणाच्या मालकीची राहणार, हे ठरलेले नाही. खरेदीदाराने खर्च केला तर माहिती त्याच्याकडे राहते आणि पुढच्या वर्षी संस्था दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे रिकाम्या हाताने जाते. म्हणून बिंदूंची वही संस्थेच्या कपाटात असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सावली_आणि_आच्छादन

न्याय्य व्यापाराच्या, म्हणजे फेअरट्रेडच्या, प्रमाणपत्राबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून एक भर घालते. धुतलेल्या अरेबिकाला फेअरट्रेडचा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर आहे आणि त्यावर २० सेंटची जादा रक्कम सामाजिक कामांसाठी मिळते. बाजार पडतो तेव्हा हा आधार मोलाचा असतो. परंतु भाव चढतो तेव्हा आधी ठरलेल्या करारांत अडकलेली संस्था शेतकऱ्याला बाहेरच्या व्यापाऱ्याइतका भाव देऊ शकत नाही, सभासद माल दुसरीकडे देतात आणि करार पुरा करता करता संस्थाच मोडकळीला येते. हुंडीवाट, भाव निश्चित करण्याच्या तुमच्या सल्ल्यालाही हीच मर्यादा आहे ना?

हुंडीवाट

होय, आहे. म्हणूनच मी विक्रीभाव एकदम निश्चित न करता, रोजच्या खरेदीच्या प्रमाणात करावा असे म्हटले. चेरी महाग घेतली तर त्याच आठवड्यातला विक्रीभावही चढा पकडता येतो. ज्या संस्था खरेदी सुरू होण्याआधीच सगळा माल एका भावाने विकून मोकळ्या होतात, त्या चढत्या बाजारात बुडतात.

नवा_वाचक

तोलकाटा, एखाद्या छोट्या संस्थेकडे फार पैसा नसेल तर पुढच्या हंगामापासून तिने नेमके काय सुरू करावे, हे सांगाल का?

तोलकाटा (धागाकर्ता)

कर्ज, बागेची पुनरुज्जीवनाची कामे, नकाशे यांना वेळ आणि बाहेरची मदत लागते. फळा आणि खडू यांना लागत नाही. दुसऱ्या हंगामात नवीन व्यवस्थापिकेने काट्याशेजारी एक काळा फळा लावला आणि दर सोमवारी त्यावर चार ओळी किन्यारवांडा या स्थानिक भाषेत लिहायला मला सांगितले: गेल्या आठवड्यात किती किलो चेरी आली, तिचे किती पैसे दिले, आधीच्या तोडणीतले किती पार्चमेंट वाळून गोदामात गेले आणि एका किलो पार्चमेंटला किती किलो चेरी लागली. पेटीत रोकड कमी असेल तर तेही सकाळीच फळ्यावर लिहायचे, म्हणजे लांबून येणाऱ्याने त्या दिवशी तोडावे की थांबावे हे निरोपाने ठरवता येईल. पावतीवर तरंगलेल्या फळांचे वजन वेगळे लिहायला सुरुवात केली आणि ती फळे ज्याची त्याला परत दिली.

तिसऱ्या सोमवारी शेवटच्या ओळीतला आकडा पाचवरून साडेपाचवर गेला होता. रांगेतल्या एका माणसाने तो मोठ्याने वाचला आणि का वाढला असे विचारले. मी पावसाचे कारण सांगितले, कारण तो आठवडा खरोखरच सततच्या पावसाचा होता आणि ओली चेरी जड भरते. तो म्हणाला, पाऊस तीन दिवस होता, बाकीच्या चार दिवसांचे काय? आम्ही दोघे पल्परपाशी, म्हणजे चेरी सोलणाऱ्या यंत्रापाशी, गेलो. एका बाजूची तबकडी झिजली होती आणि सालपटाच्या ढिगात न सुटलेले बी जात होते. त्याने ओंजळभर सालपट उचलून माझ्यासमोर चाळले आणि त्यातून निघालेले बी एकेक करून मोजले.